तीन महिन्यांचं प्रमाणपत्र

बान नोंग सिम,
२४ जुलै

सायरुंग,

फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहिते आहे. पत्र फाडायचं झालं तरी आधी हातात घ्यावं लागतं.

प्रानी मावशीकडून तुझा निरोप मिळाला. "आईला म्हणावं, आधी दारू सोडणाऱ्यांचा एखादा गट शोध, त्यात जाऊन बस, मग माझ्याशी बोल. वचनं खूप ऐकली." तुझी मावशी निरोप कसा सांगते ते तुला ठाऊक आहे. तोंडाचा चंबू करून, जणू तिच्या घरातले सगळे जन्मापासून नारळपाण्यावरच आहेत! पुढे म्हणाली, तुझे दिवस नोव्हेंबरच्या शेवटी भरतात आणि तोवर मी गटाबिटात बसले नाही तर तुझ्या बाजेखालचा विस्तव तुझी सासू राखणार. म्हणजे माझ्या लेकीचा शेक परक्या बाईने करायचा आणि मी इथे कोपऱ्यावर कोंबड्या भाजत बसायचं. वाचतानाच कळेल तुला, माझं डोकं किती फिरलं ते.

पण मी शोधला. खोटं वाटत असेल तर मावशीला विचार, सोमवारी माझी कोंबड्यांची गाडी बंद होती की नाही.

आधी आपल्या आरोग्यकेंद्रात गेले. तिथल्या पोरीने मला डासांचं पत्रक दिलं. म्हटलं, "बाई गं, मला दारूचं हवंय." तर म्हणते, "दारूचं संपलं, हे घ्या, यातही चांगली माहिती आहे." मग पिकअपमध्ये कोंबून घेऊन तालुक्याच्या इस्पितळात. खिडकीतल्या माणसाने मान वर न करता सांगितलं, "गट ना? तिसरा मजला, उजवीकडे." तीन मजले चढले. खरंच नऊ-दहा माणसं गोल करून खुर्च्यांवर बसलेली. मला बरं वाटलं. शेजारच्या म्हातारीने प्रेमाने विचारलं, "किती वर्षं झाली हो तुम्हाला?" मी खाली मान घालून सांगितलं, "सव्वीस." सगळे हळहळले. "सव्वीस! आणि पाय शाबूत आहेत?" मला वाटलं, पिऊन पिऊन पायही जात असतील. अर्धा तास मी मन मोकळं करायची तयारी करत बसले आणि मग एक नर्स सुया घेऊन आली आणि प्रत्येकाच्या बोटाला टोचायला लागली. साखरेचे रोगी होते सगळे! माझी साखर उत्तम आहे, एवढं त्यातून निघालं.

दारूचा गट पूर्वी होता म्हणे. चालवणाऱ्या बाई निवृत्त झाल्या, गट बंद.

वैतागून घरी आले तर दारात गावप्रमुख खमसिंग. त्याला सगळं आधीच कळलेलं. "अहो बुआलायबाई, एवढी वणवण कशाला? उद्यापासून वर्षावास. भन्ते विहारात दारू सोडणाऱ्यांची नावं लिहून घेताहेत. तीन महिने. याहून मोठा गट कुठला?"

तर काल जाऊन नाव लिहिलं. अकरा पुरुष आणि मी. भन्तेंनी मनगटाला पांढरा दोरा बांधला. झाला की नाही गट? आता बोल.

आई


१८ ऑगस्ट

सायरुंग,

बोलली नाहीसच. ठीक आहे. तोनने पाठवलेलं हत्तीचं चित्र मावशीने दाखवलं. चार वर्षांच्या मानाने हत्ती चांगला आहे, पण त्याला पाच पाय आहेत. कोणी सांगितलं नाही का त्याला?

माझं विचारशील तर पहिले सहा दिवस वाईट गेले. हात इतके थरथरत होते की सोम तमच्या कोशिंबिरीची पपई तासताना दोन बोटं तासली. गिऱ्हाईक म्हणालं, "आज सोम तम लालभडक झालंय." घाम, उलट्या, डोळ्याला डोळा नाही. आरोग्यकेंद्रातली ती डासवाली पोर रोज येऊन रक्तदाब बघून गेली. तिच्याबद्दल मागच्या पत्रात जे लिहिलं ते अर्धं मागे घेते. आता हात स्थिर आहेत. वासाची मात्र काळजी वाटते. पलीकडच्या दुकानात पांढऱ्या दारूची बाटली उघडली तरी मला तो चार घरांवरून कळतो.

आता गटाचं ऐक. दर आठवड्याच्या उपोसथाला विहाराच्या मंडपात बसतो. गट कसा असतो मला माहीत नाही, पण असा नसावा गं. थोंगडी काका घरून कॅलेंडर घेऊन येतात आणि मोठ्याने वाचतात, "आज सव्वीस झाले. उरले बासष्ट." मग सगळे सुस्कारा टाकतात. मग एक जण सांगतो, वर्षावास संपला की पहिली बाटली तो कुठल्या तळ्याकाठी बसून उघडणार. दुसरा म्हणतो, बर्फ आधीच सांगून ठेवायला हवा, त्या दिवशी तुटवडा होतो. सोबत काय भाजायचं, यावर तर मागच्या खेपेला भांडण झालं. मी भडकले. म्हटलं, "अरे मेल्यांनो, दारू सोडायला बसलात की लग्नाचा बेत ठरवायला?"

थोंगडी काका शांतपणे म्हणाले, "तुम्ही नाही दिवस मोजत, बुआलाय?"

मोजते. पण मी नोव्हेंबरपर्यंतचे मोजते, आणि ते बाळासाठी.

आणखी एक. पुरुषाने नाव लिहिलं की लोक म्हणतात, शाबास, संयमी माणूस. मी लिहिलं तर गावप्रमुखाची बायको सगळ्यांसमोर म्हणाली, "अगं बाई, म्हणजे खरंच पीत होतीस?" जशी काही सव्वीस वर्षं तिच्या डोळ्यांवर टोपली होती.

मी भन्तेंना विचारलं, "वर्षावास संपल्यावर मी काय करायचं?" ते हसले. म्हणाले, "पुढच्या वर्षी परत नाव लिहा." माणूस चांगला आहे. जन्मात थेंब घेतलेला नाही, त्यांना तरी काय कळणार?

तुझे पाय सुजतात का? तोनच्या वेळी सुजले होते.

आई


१५ सप्टेंबर

सायरुंग,

मावशी सांगत होती, तू तिला विचारलंस, "त्या दिवसाबद्दल आई काय म्हणते?"

चार वर्षं मी म्हणत आले की निखारा उडाला. गावाला सांगितलं, तुझ्या सासूला सांगितलं, मावशीला तर शपथ घेऊन सांगितलं. शेवटी मलाच तो उडताना दिसायला लागला होता.

गटात हे बोलायची सोय नाही. तिथे बर्फाचं चाललेलं असतं. म्हणून तुला लिहिते, आणि लिहितानाही माझाच राग येतो आहे.

तोन झाल्याचा चौथा दिवस होता. भरदुपार. तू बाजेवर, बाळ कुशीत, खाली माझा विस्तव. तुझ्या उशाशी यादोंगची बाटली होती, दारूत मुळ्या घातलेली, बाळंतिणीच्या औषधाची. सकाळ-संध्याकाळ दोन चमचे. तू दोनच चमचे घेत होतीस आणि बाटली चौथ्या दिवशी तळाला गेली होती. तुला ते दिसलं असणार. तू काही बोलली नाहीस, कारण आई कमरेचा काटा ढिला होईपर्यंत राबत होती आणि तुला माझी दया आली असेल.

मी खांबाला टेकून झोपले. गोधडीचं टोक खाली लोंबलं, ते सारखं करायचं माझं काम होतं. पेटलं तेव्हा तुला उठवत नव्हतं, हातात बाळ, तू पायाने ती गोधडी ढकललीस. तुझ्या पोटरीवरचा डाग त्याचा. शेजारच्या लमदुआनने पाण्याची बादली ओतली, त्या पाण्याने मला जाग आली. तुझ्या ओरडण्याने नाही आली. निखारा वगैरे काही उडाला नव्हता.

तुझ्या जन्माच्या वेळी मी बाजेवर होते आणि माझी आई हीच बाटली माझ्या तोंडाला लावायची. "घे, रक्त गरम राहतं, दूध येतं." तेव्हापासून सुरू झालं. दोष तुझ्यावर किंवा तिच्यावर टाकत नाही. गावातल्या प्रत्येक बाईने ते चमचे घेतले आणि बाकीच्या सगळ्या चमच्यावर थांबल्या.

एवढं लिहून झाल्यावर मला वाटलं होतं हलकं वाटेल. काही हलकंबिलकं वाटलं नाही. उलट जीव नकोसा झाला आहे, आणि अजून पस्तीसेक दिवस त्या कॅलेंडरवाल्या काकांबरोबर काढायचे आहेत.

आई


२० ऑक्टोबर

सायरुंग,

सोबत प्रमाणपत्र पाठवते आहे. घडी घालावी लागली, त्याबद्दल माफ कर. खाली भन्तेंची सही आहे आणि गावप्रमुखाचा शिक्का. "श्रीमती बुआलाय यांनी वर्षावासाचे तीन महिने मद्यापासून पूर्ण दूर राहून गावासमोर आदर्श ठेवला आहे." माझं नाव त्यांनी सोनेरी शाईने लिहिलं आहे, बघ.

काल मोठा कार्यक्रम झाला. बाराच्या बारा जणांना मंडपात उभं करून टाळ्या वाजवल्या. कापडी फलक होता. गावप्रमुखाने भाषण केलं, त्यात स्वतःबद्दलच जास्त. फोटो काढले. मग त्यांच्या अंगणात जेवण होतं. मग मी घरी आले.

तुझी अट पूर्ण झाली आहे. गट झाला, कागद झाला. आता तू सांग.

अक्षर जरा वाकडं आलं आहे, पेन धड नाही.

आई


६ नोव्हेंबर

सायरुंग,

तुझं पत्र येऊन बारा दिवस झाले आणि मी उत्तर दिलं नाही. तू म्हणत असशील, आई हरखून पळत येईल असं वाटलं होतं, हिला झालं काय?

तुझं पत्र मला पाठ झालं आहे, आहेच किती म्हणा. "आई, प्रमाणपत्र मिळालं. तोनने भिंतीला लावलं. सासूबाईंचे गुडघे धरलेत, त्यांना खाली बसवत नाही. तू ये. बाज तूच लाव." चार वर्षांत तू मला आई म्हणून लिहिलेलं हे पहिलं वाक्य. मी पिशवी भरली. दोन लुगडी, टाल्कम पावडर, बाळाला टोपी. मग पिशवी रिकामी केली. मग परत भरली. असं मी किती वेळा केलं ते विचारू नकोस.

आता सांगते. वीस तारखेचं पेन चांगलं होतं.

एकोणीसला कार्यक्रमानंतर गावप्रमुखाच्या अंगणात चटई टाकली होती आणि मध्ये पांढरीचा खोका होता. आमच्यासाठीच आणलेला, सत्काराचा. तीन महिने दारू सोडली म्हणून दारूने सत्कार! यावर त्या अंगणात एकही माणूस हसला नाही, कुणाला त्यात काही विचित्रच वाटलं नाही, कारण दरवर्षी असंच होतं. एकच पेला फिरत होता. माझ्यापर्यंत आला तेव्हा खमसिंग म्हणाला, "घ्या हो, तीन महिने काढलेत, आता एकाने काय होतंय? नाही म्हणालात तर माझ्या घराचा अपमान." भन्ते नुकतेच उठून गेले होते. बाकीचे अकराही जण माझ्याकडे बघत होते.

मी घेतला. कोणी माझ्या नरड्यात ओतला नाही. मी हात पुढे केला आणि घेतला, आणि इतकं बरं वाटलं की मला रडू आलं. दुसऱ्या दिवशी दुपारी, तीन पेल्यांनंतर, मी तुला ते प्रमाणपत्र पाकिटात घालून पाठवलं. म्हणजे तोनने भिंतीला जे लावलं आहे ते मी नशेत पोस्टात टाकलेलं आहे. काढ ते. त्याला काय सांगायचं ते तुझं तू ठरव.

तुझं पत्र आलं त्या दिवशीही मी प्यायले होते. आनंदाने, असं मी स्वतःला सांगितलं.

मग थोंगडी काका गाडीवर आले. कोंबडी घेतली नाही, नुसते उभे राहिले. चेहरा राखेसारखा झालेला. म्हणाले, "बुआलाय, आख्खा वर्षावास मी जिंकलो आणि दुसऱ्या दिवशी आडवा झालो. दरवर्षी हेच. तुम्हाला कंटाळा नाही आला?" मग त्यांनी सांगितलं, तालुक्याला बस स्टँडमागे एक जागा आहे, त्यांच्या भाच्याने सांगितली, दर मंगळवारी. "पण तिथे प्रमाणपत्र मिळत नाही," म्हणाले, जशी काही ही मोठी अडचण होती.

जागा शोधायला दोन तास लागले. एकाने सांगितलं सायकलच्या दुकानावर, दुसऱ्याने सांगितलं चिनी देवळामागे. उन्हात त्या म्हाताऱ्या माणसाला घेऊन मी गरगर फिरले, आणि शेवटी ती निघाली कापडाच्या दुकानावरच्या शिवणवर्गात. पाच माणसं, शिवणयंत्रांच्या मध्ये बाकड्यांवर. चालवणारी बाई पिकुल. कोण आहे ओळख? इस्पितळातली तीच बाई, जी निवृत्त झाली म्हणून गट बंद झाला होता! निवृत्त झाली आणि गट बरोबर घेऊन गेली. खिडकीतल्या माणसाला एवढं सांगता आलं असतं, तर जुलैतच मी तिथे असते.

थोंगडी काकांनी बसल्या बसल्या विचारलं, "इथे किती महिन्यांचा असतो?"

पिकुलबाई म्हणाल्या, "आजचा."

"आजचा? अहो, आज तर संपत आला!"

"मग झालंच की," एक ट्रकवाला म्हणाला, आणि सगळे हसले. मला राग आला. आम्ही उन्हातून वणवण करून आलो आणि हे थट्टा करतात!

मग मला विचारलं, शेवटचं कधी प्यायलात? मी म्हटलं, "वर्षावासाआधी." सोनेरी शाईत लिहिलेलंच बोलले. ट्रकवाला म्हणाला, "मी पण पहिल्या दिवशी असंच काहीतरी सांगितलं होतं." तेवढंच. घरी येऊन मी दुसऱ्या दिवशी परत प्यायले.

काल दुसरा मंगळवार. काल खरं सांगितलं. एकोणीस तारीख, वीस तारीख, तुझं पत्र, सगळं. आणि तुझं पत्र वाचून दाखवलं. विचारलं, आता मी लेकीकडे जाऊ की नको? तर एकही माणूस उत्तर देईल तर शपथ! भन्तेंना विचारलं असतं तर काही तरी म्हणाले असते, खमसिंगने तर हुकूमच सोडला असता. हे लोक नुसते ऐकत बसतात. इतका वैताग येतो! शेवटी पिकुलबाईंनी एवढंच विचारलं, "तिला हे माहीत आहे का?"

नव्हतं. आता आहे.

मी येत नाही, सायरुंग.

आज माझा सातवा दिवस. त्यांच्यात मोजत नाहीत म्हणे, मी मोजते, सवय. तुझे दिवस भरेपर्यंत अठ्ठावीसेक होतील. सव्वीस वर्षांपुढे अठ्ठावीस दिवस. तू बाजेवर, उठवत नाही अशी, कुशीत बाळ, आणि खालचा विस्तव माझ्या हातात? मीच माझ्या हातात तो देणार नाही. तुला वाटेल, अट तर तूच घातली होतीस आणि आता मी नखरे करते आहे. मला यायचं आहे गं. इतकं यायचं आहे की ही ओळ लिहिताना पिशवी परत समोर दिसते आहे. म्हणूनच येत नाही.

आता सासूबाईंचं. गुडघ्यांचं कारण सांगून त्यांनी अंग काढून घेऊ नये. खाली बसवत नसेल तर ठेंगणी खुर्ची द्या आणि हातभर लांबीचा चिमटा. विस्तव फार नको, निखारे सपाट पसरलेले. बाजेखाली पत्रा घाला. गोधडीची चारही टोकं बाजेच्या आत खोचून ठेवा आणि दर तासाला हाताने चाचपून बघा. दुपारी जेवण झाल्यावर माणसाला डोळा लागतोच, तेव्हा तेवढा वेळ विरातने कामावर न जाता बसावं, बाप झाला आहे, दोनदा. यादोंगची बाटली घरात आणू नका. दूध त्याशिवायही येतं, डासवाल्या पोरीला मी विचारून घेतलं आहे.

आणि त्यांना सांग, बांबू अजिबात जाळू नका, तो फुटतो. चिंचेचा कोळसा लागतो, तो शांत जळतो. तुमच्याकडे बाजारात मिळतो तो ओला असतो. मी इथे एक पोतं वाळवून, निवडून ठेवलं आहे. शुक्रवारच्या सकाळच्या गाडीने पाठवते, विरातला स्टँडवर उतरवून घ्यायला सांग. तू स्वतः येऊ नकोस. पोत्याबरोबर कोणी नाही.

आई